शॉक द्यायचा की नाही?

रात्रीची जेवणे आटोपली होती. आमच्या चाळीतलाच एक तरुण दाराशी येऊन उभा राहिला. हातात चार घड्या घातलेला कागद. “जयभीम काका, हा फॉर्म जरा वाचून सांगता का? उद्या सकाळी सही करून द्यायचाय.”

वस्तीत कुणाचा रेशनकार्डाचा, कुणाचा जातपडताळणीचा, कुणाचा प्रॉव्हिडंट फंडाचा कागद आमच्याकडे येतच असतो. कचेरीत कारकुनी करणाऱ्याला घरी आल्यावरही कारकुनी सुटत नाही. त्या सवयीनेच आम्ही चष्मा लावला. पण हा कागद निराळा होता. सरकारी इस्पितळाच्या मनोविकार विभागाचा. त्याच्या आईला ‘ईसीटी’ द्यायची होती. ईसीटी म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात तेच.

बाई आमच्या चांगल्या ओळखीची. चार घरची धुणीभांडी करून तिने तीन मुले शिकवली. चाळीत कुणाचे बाळंतपण असो की मयत, ती सगळ्यांच्या आधी हजर. अशी बाई पाच महिन्यांपासून गप्प झाली होती. आधी झोप गेली, मग भूक गेली. मग ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली. “माझी आतडी सडलीत, माझ्यामुळं पोरांचं वाटोळं झालं,” एवढेच पुटपुटायची. नातेवाइकांत कुणी म्हणाले बाहेरचे आहे, कुणी गावाकडच्या देवर्षीचे नाव सुचवले. पोरगा शहाणा निघाला, त्याने थेट इस्पितळ गाठले. गोळ्या सुरू झाल्या, दोनदा बदलून झाल्या, फरक पडेना. तेव्हा डॉक्टरांनी शॉकचे सुचवले.

आम्ही त्याला काय सांगितले? “अजिबात सही करू नकोस. माणूस कायमचा कामातून जातो.”

आमच्या या ज्ञानाचा उगम कुठला, असे त्याने विचारले असते तर आमची पंचाईत झाली असती. आम्ही बी.कॉम. झालेले, जमाखर्च कळतो, मेंदूतले काय कळणार? उगम एकच, सिनेमा. पांढऱ्या कोटातला खलनायक, पलंगाला बांधलेला नायक, खटका ओढला की त्याचे अंग धनुष्यासारखे वाकते आणि नंतर तो वेडसर हसत बसतो. १९७५ साली ‘वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट’ नावाचा इंग्रजी चित्रपट आला, त्यात बंडखोर रोग्याला शिक्षा म्हणून शॉक देतात. आमच्या पिढीने तो पाहिला नसेल, पण त्याची हिंदी भावंडे पुष्कळ पाहिली.

पोराने सही केली नाही. बाईने पाणीसुद्धा सोडले. बाराव्या दिवशी रात्री तिला रिक्षात घालून न्यावे लागले. सलाइन लागले. किडनीवर ताण आला म्हणाले. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरबाईंनी आमच्याकडे पाहून विचारले, “काका, नको म्हणून सांगणारे तुम्हीच का?” आम्ही हो म्हणालो. त्यांनी आवाज चढवला नाही. ड्युटी संपल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर बसून वीस-पंचवीस मिनिटे समजावून सांगितले. नंतर आम्हीही जमेल तसे वाचले, विचारले. पुढचा मजकूर त्यातून आला आहे. आमच्या त्या रात्रीच्या सल्ल्याची ही फेड समजावी.

रोमच्या स्टेशनवरचा माणूस

शॉकविषयी लोकांच्या मनात जी भीती आहे, ती काही निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. तिच्यामागे खरा इतिहास आहे आणि तो लपवून उपयोग नाही.

हंगेरीतील बुडापेस्ट शहरात लाडिस्लास मेडुना नावाचे डॉक्टर होते. त्यांना वाटे की फेफरे आणि स्किझोफ्रेनिया हे दोन आजार एकमेकांचे वैरी आहेत, एक असला की दुसरा राहत नाही. म्हणून १९३४ साली त्यांनी रोग्यांना कापराचे इंजेक्शन देऊन मुद्दाम आकडी आणली. ही कल्पना पुढे चुकीची ठरली. पण काही रोगी खरोखर सुधारले. चुकीच्या हिशेबातून बरोबर रक्कम निघावी तसा हा प्रकार. कापराऐवजी मग दुसरे औषध वापरू लागले. ते टोचल्यावर आकडी येईपर्यंतच्या क्षणांत रोग्याला मृत्यूची भयंकर धास्ती वाटे, पुन्हा ते इंजेक्शन घ्यायला तो तयार होत नसे.

इटलीत उगो चेर्लेत्ती आणि त्यांचे सहायक लुचो बिनी यांनी हेच काम विजेने करायचे ठरवले. वीज किती आणि कुठे दिली तर जीव जात नाही, हा प्रश्न होता. रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना कापण्याआधी विजेने बेशुद्ध करीत. चेर्लेत्तींनी ते जाऊन पाहिले. वीज डोक्याला लावली तर जनावर बेशुद्ध होते, मरत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १९३८ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी पहिल्यांदा माणसाला विजेचा शॉक दिला. तो माणूस रोमच्या रेल्वे स्टेशनवर भ्रमिष्टासारखा फिरताना पोलिसांना सापडला होता. त्याची संमती कुणी घेतली नाही. तो सुधारून घरी गेला ही गोष्ट खरी, आणि त्याला कुणी विचारले नाही ही गोष्टही तितकीच खरी. हा उपचार असा दोन्ही गोष्टी बरोबर घेऊन जन्मला.

पुढे तो जगभर पसरला. सुरुवातीच्या काळात भूल नव्हती, स्नायू सैल करण्याचे औषध नव्हते. आकडीच्या जोराने कुणाच्या पाठीचे मणके मोडत, कुणाचे दात तुटत. मोठमोठ्या वेड्यांच्या इस्पितळांतून ऐकत नाही अशा रोग्याला गप्प करण्यासाठीही शॉक दिला गेला. सिनेमाने ते उचलले. १९४० पासून स्नायू सैल करण्याची औषधे येऊ लागली, १९५० नंतर त्यांतले सुरक्षित औषध मिळाले आणि भूल देऊन शॉक देणे शक्य झाले. आपल्या देशात मात्र कित्येक ठिकाणी भूल न देताच शॉक देणे पुढेही अनेक दशके चालू राहिले, कारण भूलतज्ज्ञ मिळत नाहीत. गरिबाच्या वाट्याला आलेली ही आणखी एक काटकसर. २००१ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास बंदी घातली. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आपली भीती ज्या शॉकची आहे, तो शॉक आता कायद्याने गुन्हा आहे.

त्या खोलीत काय होते

बाईला सकाळी उपाशीपोटी नेत. पाणीसुद्धा नाही, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. (एकदा सुनेने मायेने चहा पाजला आणि त्या दिवसाची ईसीटी रद्द झाली. सुनेला बोलू नये, तिला कुणी सांगितलेच नव्हते.) शिरेत सुई लावतात, भूल देतात, तोंडावर प्राणवायूचा मास्क ठेवतात. माणूस झोपला की स्नायू सैल करण्याचे इंजेक्शन. त्याआधी एका पायाला रक्तदाब मोजायचा पट्टा घट्ट आवळून ठेवतात, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. मेंदूत आकडी आली की नाही ते त्या एका पावलाच्या हालचालीवरून कळते. बाकी अंग जवळपास स्थिर. दातांत रबरी ठोकळा. डोक्याला दोन जागी विजेचे टोक लावून काही सेकंद, जास्तीत जास्त आठेक सेकंद, बारीक बारीक तुकड्यांत वीज सोडतात. मेंदूतली आकडी साधारण अर्धा-एक मिनिट चालते. पाच-दहा मिनिटांत माणूस जागा होऊ लागतो. थोडा गोंधळलेला असतो, डोके दुखते, जबडा दुखतो.

आठवड्यातून दोन-तीनदा, अशा एकूण सहा ते बारा वेळा. आमच्या या बाईला आठ झाल्या. मृत्यूचा धोका साधारण एक लाख उपचारांमागे दोन इतका आहे, म्हणजे छोट्याशा शस्त्रक्रियेसाठी भूल घेताना जेवढा असतो जवळपास तेवढाच.

तिसऱ्या वेळेनंतर तिने आपण होऊन पाणी मागितले. पाचव्या वेळेनंतर पोराला विचारले, “कामावर नाही गेलास?” पोरगा व्हरांड्यात येऊन रडला. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

मेंदूतला ब्रेक

आता मुख्य प्रश्न. विजेने आकडी आणली तर दुखावलेले मन कसे सुधारते? घड्याळ बंद पडले की आपण ते हातावर आपटतो, तसेच हे आहे काय? ऐंशीहून अधिक वर्षे डॉक्टर हा उपचार देत आले, पण तो चालतो कसा, याचे उत्तर त्यांना नीट देता येत नव्हते. अलीकडे त्या उत्तराचा एक तुकडा हाती लागतो आहे, आणि आम्हाला तरी तो मोठा रंजक वाटला.

मेंदूतल्या पेशी ढोबळमानाने दोन स्वभावांच्या असतात. काही पेशी शेजारच्या पेशींना म्हणतात, चल, पेटून ऊठ. काही म्हणतात, थांब, पुरे. गाडीला जसा अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक, तसे हे. ब्रेक लावणाऱ्या पेशी ‘गाबा’ नावाच्या रसायनाचा वापर करतात. ब्रेक हा शब्द ऐकून कुणाला वाटेल की त्याने काम मंदावते. तसे नव्हे. ब्रेक नसलेली गाडी वेगात जात नाही, ती गॅरेजमध्येच उभी राहते. विचारालाही ब्रेक लागतो. ‘माझ्यामुळं वाटोळं झालं’ हा विचार तुमच्या-आमच्याही मनात कधीतरी येतो, पण तो थांबतो आणि आपण भाजी आणायला जातो. नैराश्याच्या रोग्याचा तोच विचार थांबत नाही. गंभीर नैराश्यात मेंदूचे हे ब्रेकचे काम दुबळे पडत असावे, असे संशोधकांना बऱ्याच वर्षांपासून वाटत आले आहे.

हे पाहायचे कसे? मेंदूच्या आलेखावरून. छातीला वायरी लावून हृदयाचा आलेख काढतात तो ईसीजी आपल्या परिचयाचा आहे. डोक्याला वायरी लावून काढतात तो ईईजी. जर्मनीतील येना गावच्या हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरांनी १९२४ साली पहिल्यांदा माणसाच्या मेंदूचा असा आलेख घेतला आणि १९२९ साली प्रसिद्ध केला. मेंदूत विजेच्या लाटा उठतात आणि त्यांना ठरावीक ताल असतो, हे त्यांनी दाखवले. हेच बर्गर पुढे स्वतः नैराश्याने ग्रासले गेले आणि १९४१ साली त्यांनी आत्महत्या केली. मेंदूचा आलेख जगाला देणाऱ्या माणसालाही या आजाराने सोडले नाही.

शॉकनंतर ईईजीमधल्या लाटा संथ होतात, हे डॉक्टरांना लवकरच दिसले होते. १९५७ साली मॅक्स फिंक आणि रॉबर्ट कान या अमेरिकन संशोधकांनी नोंदवले की, ज्यांच्या लाटा अधिक संथ होतात ते रोगी अधिक सुधारतात. पण संथ लाट म्हणजे काय? टीकाकार म्हणत, मेंदूला इजा झाली की लाटा संथ होतात, म्हणजे तुम्ही इजाच करता. समर्थकांकडे याचे पक्के उत्तर नव्हते.

आता दादर स्टेशन डोळ्यांसमोर आणा. सायंकाळी पुलावर उभे राहिलात तर दोन प्रकारचे आवाज कानी पडतात. एक तालाचा: गाडीच्या चाकांचा, घोषणेचा. दुसरा, ज्याला ताल नाही असा सगळ्या गर्दीचा मिळून एक गजबजाट. ईईजीतही असेच असते. तालाच्या लाटा असतात आणि त्यांच्याखाली बेताल गजबजाट असतो. शंभर वर्षे शास्त्रज्ञ ताल मोजत बसले आणि गजबजाट म्हणजे कचरा समजून बाजूला टाकत राहिले. आमच्या कचेरीत जुन्या पावत्या रद्दीत टाकतात आणि ऑडिटच्या दिवशी नेमक्या त्याच लागतात, तसे झाले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या विद्यापीठात ब्रॅडली व्होयटेक यांच्या प्रयोगशाळेने ही रद्दी तपासायला घेतली. या गजबजाटात जाड, संथ सूर मोठे असतात आणि बारीक, जलद सूर लहान होत जातात, जशी उतरती टेकडी. ब्रेकच्या पेशींचा जोर वाढला की ही टेकडी अधिक उभी होते, जोर कमी झाला की सपाट होते, असे त्यांच्या आधीच्या अभ्यासातून दिसत होते. गाढ झोपेत आणि भुलेतही ती उभी होते. मग सिडनी स्मिथ या संशोधिकेने आणि व्होयटेक यांच्या गटाने ईसीटी घेतलेल्या नैराश्याच्या रोग्यांचे आधीचे आणि नंतरचे आलेख ताडून पाहिले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ईसीटीनंतर ही टेकडी उभी झाली होती. इतके दिवस ज्याला ‘लाटा संथ झाल्या’ म्हणत होते, त्यातला मोठा भाग खरे तर या गजबजाटातला बदल होता. विजेऐवजी चुंबकाने आकडी आणण्याचा एक नवा उपचार आहे, त्याच्या रोग्यांतही हाच बदल दिसला. म्हणजे शॉकने मेंदू बधिर होत नसून त्याचा सैल पडलेला ब्रेक पुन्हा आवळला जात असावा.

‘असावा’ हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. पाहिलेले रोगी थोडे आहेत. टेकडी उभी झाली म्हणूनच माणूस सुधारला, की दोन्ही गोष्टी बरोबरीने घडल्या, हे अजून ठरलेले नाही. पण इतर धागे याच दिशेने जातात. येल विद्यापीठाच्या २००३ च्या छोट्या पाहणीत ईसीटीनंतर मेंदूच्या मागच्या भागातले गाबा वाढलेले आढळले. उपचार जसजसे पुढे जातात तसतशी आकडी आणायला जास्त वीज लागते, म्हणजे मेंदू आकडीला विरोध करायला शिकतो. म्हणूनच, ऐकून नवल वाटेल, पण कशानेच न थांबणारी फेफऱ्याची आकडी थांबवण्यासाठीही शेवटचा उपाय म्हणून ईसीटी दिली गेली आहे. आगीला आग लावून विझवावे तसे. स्कॉटलंडमधील अबर्डीन येथे २०१२ साली नऊ रोग्यांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा मेंदूच्या पुढच्या डाव्या भागाचे इतर भागांशी असलेले अतिरेकी संधान ईसीटीनंतर कमी झालेले दिसले.

दुसरेही एक मत आहे, की ईसीटीने मेंदूतला स्मरणाशी संबंधित भाग आकाराने वाढतो आणि त्यामुळे रोगी सुधारतो. वाढतो हे खरे. पण अनेक देशांतल्या रोग्यांची माहिती एकत्र करून २०१८ साली पाहिले, तेव्हा ज्यांचा तो भाग जास्त वाढला तेच जास्त सुधारले असे काही निघाले नाही. तेव्हा त्या मतावर आम्ही फार भरवसा ठेवत नाही.

मग सगळे चांगलेच काय?

नाही. आधी ‘नको’ सांगून चूक केली, आता डोळे मिटून ‘हो’ सांगून दुसरी करायची नाही.

लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क इस्पितळात एक कठोर परीक्षा घेतली गेली, तिचा निकाल १९८० साली आला. सत्तर रोगी. काहींना भूल देऊन खरा शॉक, काहींना नुसती भूल, वीज नाही. आपल्याला काय मिळाले ते रोग्यालाही कळत नव्हते. चार आठवड्यांनी दोन्ही गट बरेच सुधारले. खरा शॉक मिळालेले अधिक सुधारले. सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांत फरक उरला नाही. याचा अर्थ आम्ही असा घेतो की, इस्पितळात रोज कुणी विचारपूस करते, वेळेवर खायला घालते, हाही उपचाराचा मोठा हिस्सा आहे. त्याच रोग्यांचा पुढे आणखी बारकाईने विचार झाला तेव्हा दिसले की, शॉकचा फायदा मुख्यतः भ्रम असलेल्यांना झाला होता. ‘आतडी सडली’ म्हणणारी आमची बाई त्यांतलीच. तेव्हा कुणी उदास आहे, परीक्षेत नापास झाले आहे, त्याला शॉक, असा हा प्रकार नाही. जो रोगी खात-पीत नाही, दगडासारखा झाला आहे, जिवावर उठला आहे, भ्रमात आहे, ज्याला औषधे लागू पडली नाहीत, त्याच्यासाठी हा उपाय आहे. अशा सगळ्या परीक्षा एकत्र तपासून २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला की थोड्या काळापुरता खरा शॉक खोट्यापेक्षा आणि औषधांपेक्षाही प्रभावी आहे. या परीक्षा जुन्या आणि लहान आहेत, अशी टीका आजही होते आणि ती अगदीच चुकीची नाही.

दुसरी गोष्ट आठवणीची. उपचाराच्या काळातले बहुतेक आठवत नाही. त्याच्या आधीच्या काही आठवड्यांतले, कधी काही महिन्यांतलेही पुसले जाते. बरेचसे परत येते, काही येत नाही. डोक्याच्या एकाच बाजूला वीज दिली तर विसरणे कमी होते, पण वीज पुरेशी नसली तर आकडी येऊनही गुण येत नाही, म्हणून डॉक्टरला दोन्ही सांभाळावे लागते. आमच्या या बाईच्या नातीचे नाव ठेवले तो दिवस तिला आठवत नाही. फोटोत ती नात मांडीवर घेऊन बसली आहे. आजारातच होती तेव्हा, चेहरा कोरा आहे. पण होती. फोटो दाखवला की ती निरखून पाहते आणि विचारते, “ही साडी मीच नेसले होते का?” डॉक्टरबाईंनी आम्हाला विसरण्याविषयी सांगितले होते. फॉर्मवर मात्र ते बारीक इंग्रजीत एका ओळीत होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच आपल्या घरांतून चुकते. शॉकने माणूस वर येतो, पण टिकत नाही. अमेरिकेत हॅरॉल्ड सॅकाइम आणि सहकाऱ्यांनी ईसीटीने पूर्ण बरे झालेल्या ८४ रोग्यांवर सहा महिने लक्ष ठेवले. २००१ सालचा हा अभ्यास. ज्यांना नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या त्यांच्यात १०० पैकी ८४ जणांचा आजार उलटला. एक औषध मिळाले त्यांच्यात ६०. नैराश्याची गोळी आणि लिथियम अशी दोन औषधे मिळाली त्यांच्यात ३९. हे आकडे आम्ही मुद्दाम घरच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवले आहेत.

कारण आमच्या वस्तीत तेच घडले. बाई घरी आली, स्वयंपाकाला लागली, भांडायलाही लागली. सगळे खूश. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, पिशवीत तसाच राहिला. तीन महिन्यांनी थोरली मुलगी म्हणाली, “आई आता बरी आहे, एवढ्या गोळ्या कशाला? हात थरथरतात तिचे.” हात थरथरत होते हे खरे. लिथियमने तसे होते, त्यासाठी रक्त तपासून मात्रा कमी करतात. पण रक्त तपासायला जायचे म्हणजे एक खाडा, जाण्यायेण्याचे भाडे. गोळ्या बंद झाल्या. दिवाळीच्या सुमारास बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली.

या वेळी आम्ही नको म्हटले नाही.

सही करण्याआधी

कायद्यातले चार मुद्दे घरातल्या जाणत्या माणसाने लक्षात ठेवावेत. रोग्याला समजण्याची शुद्ध असेल तर संमती त्याचीच, घरच्यांची नव्हे. ती नसेल तर त्याने नेमलेला किंवा कायद्याने ठरलेला प्रतिनिधी त्याच्या वतीने ठरवतो. अचानक घाईगर्दीत आणलेल्या रोग्याला तातडीचा उपचार म्हणून ईसीटी देता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला मंडळाची आधी परवानगी आणि पालकाची संमती असल्याशिवाय देता येत नाही. आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे, पिवळे कार्ड हातात नसले तरी. कागद नाही म्हणून परत पाठवले तर हा मुद्दा ठणकावून सांगावा.

डॉक्टरांना विचारायला लाजू नये. भूलतज्ज्ञ हजर असतील का? एका बाजूला देणार की दोन्ही? किती वेळा? विसरणे किती होईल? नंतर कोणत्या गोळ्या, किती महिने, रक्त कधी तपासायचे? आणि हे मराठीत लिहून द्या म्हणावे. रात्री-अपरात्री कुणी जिवाचे बरेवाईट करण्याच्या गोष्टी बोलू लागले तर सरकारचा टेली-मानस हा मोफत दूरध्वनी १४४१६ या क्रमांकावर २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मराठीतही बोलता येते. आणि देवर्षीकडे नेण्याची कुणी घाई केली तर त्याला सांगावे की भूत उतरवायच्या नावाखाली रोग्याला मारणे, साखळदंडाने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

बाईला दुसऱ्या खेपेस सहा वेळा ईसीटी झाली. या वेळी तिने स्वतः अंगठा न लावता सही केली, तिसरीपर्यंत शिकलेली आहे ती. सही करताना तिने डॉक्टरबाईंना एवढेच विचारले, “या बारीला काय काय इसरंल मी?” डॉक्टरबाई म्हणाल्या, “मावशी, थोडं विसराल. जे जपायचं आहे ते घरी लिहून ठेवायला सांगा.” तेव्हापासून नात शाळेच्या वहीत आजीसाठी रोज दोन ओळी लिहिते. काय खाल्ले, कोण आले, गोळी घेतली की नाही. वही उशाशी असते. रक्ताची तारीख त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनने लिहिली आहे. पुढची तारीख येत्या मंगळवारची आहे, आणि त्या दिवशी पोराला खाडा पडू नये म्हणून आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.